हिची उजवी बाजू

२ फेब्रुवारी

चिरंजिवांनी टॅब पाठवला. सोबत एक पेन, ज्यात शाई नाही, आणि रोज एक फोन, ज्यात सल्ले भरपूर. "बाबा, काय शिकलात ते लिहून ठेवत जा, नाहीतर विसराल." चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवतोय, एकाही गिऱ्हाइकाचं तोंड विसरलेलो नाही, पण बटणं विसरणार याबद्दल मुलाची खात्री आहे. म्हणून ही वही. स्टुडिओत अपॉइंटमेंट लिहायला आणलेली. आता अपॉइंटमेंट घेऊन येतंय कोण? पासपोर्टचे चार फोटो हवेत म्हणून लोक धावत येतात, घाम पुसतात आणि जातात.

टॅब कशासाठी, तर पोस्टरसाठी. ही नाटकात काम करतेय. सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तेही मुख्य भूमिका. हौशी मंडळी आहेत, तालमी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये चालतात. नाटकाचं नाव 'घर मागे येतं'. एक बाई घर सोडून निघते आणि घर उठून तिच्या मागे चालायला लागतं. घराचं काम आमच्या शेजारच्या दुकानातला शिंपी करतोय. मी विचारलं, घराला संवाद आहेत का? ही म्हणाली, "आहेत. तुमच्यापेक्षा जास्त."

पोस्टर आमचे हे करतील, असं ही तिथे सगळ्यांसमोर परस्पर सांगून आली. मला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. घरी आल्यावर मात्र जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "मला तुमच्या हातचं हवंय. माझा चेहरा. एकदाच, मोठा." आणि भाजी चिरायला गेली. चौतीस वर्षांच्या संसारात हिने माझ्या हातचं असं काही पहिल्यांदाच मागितलं. करावं लागणार.

५ फेब्रुवारी

दिग्दर्शक भेटला. नाटक लिहिलंयही त्यानेच. वय वर्षं सव्वीस. दाढी आहे, पण अजून तिचंही नक्की ठरलेलं दिसत नाही.

"काका, मला अतिवास्तव कोलाज हवंय. स्वप्नात असतं तसं. पण झोपेतलं स्वप्न नको."

जागेपणी स्वप्नं पडायला लागली की आमच्या वेळी डॉक्टरकडे नेत. मी मान डोलावली. कोलाज मला समजतं, म्हणालो. आयुष्यभर लोकांना नको ते कापलं आणि हवं ते चिकटवलं. एका लग्नात नवरीचे डोळे मिटलेले आले, तर मी तिच्या बहिणीचे डोळे तिला लावून दिले होते. तो फोटो अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे आणि कुणाला काही कळलेलं नाही. दिग्दर्शक खूश होऊन म्हणाला, "काका, तुम्ही तर मुळातच अतिवास्तव आहात." ही शिवी की कौतुक ते मी विचारलं नाही.

९ फेब्रुवारी

आज लेअर. म्हणजे थर. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसं असतं. घर एका थरावर, आकाश दुसऱ्यावर. प्रत्येक थरापुढे एक बारीकसा डोळा काढलेला. त्यावर पेन टेकवलं की डोळा मिटतो आणि तो थर गायब. परत टेकवलं की हजर.

"म्हणजे काहीच जात नाही?" मी फोनवर विचारलं.

"काही जात नाही बाबा. नुसतं दिसत नाही."

हा काय धंदा झाला? आम्ही निगेटिव्हवर सुरी फिरवायचो, वर पेन्सिल लावायचो. नाकावरचा मस एकदा खरवडला की जगातून गेला. गिऱ्हाईक घरी जाऊन आरशात बघून चकित होत असे, की हा परत कुठून आला. इथे मात्र सगळं खालच्या खाली शाबूत. मला असं अर्धवट काम आवडत नाही. पण शिकलो.

१३ फेब्रुवारी

घर तयार. स्टुडिओतले जुने रंगवलेले पडदे टॅबवर घेतले. एका पडद्यावर संगमरवरी जिना आहे, कुठेच न जाणारा. त्याच्यापुढे उभे राहून लोक गेली चाळीस वर्षं श्रीमंत झालेत. तो जिना घराला लावला. खिडक्यांत माणसं बसवली. माणसं कुठली? लोक पासपोर्टचे फोटो काढतात आणि न्यायला विसरतात. असे चार बुटांचे खोके भरले आहेत. एका खिडकीत मिशीवाला, एकीत शिंक येता येता राहिलेली बाई, एकीत एक गृहस्थ, ज्यांना मी 'हसू नका' म्हटल्यावर ते जे गंभीर झाले ते कायमचेच. न्यायला यायला हवं होतं त्यांनी.

घराला पाय माझे लावले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून आरशासमोर फोटो काढला, तो नेमका हिने पाहिला. हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली. दिग्दर्शकाचं उत्तर आलं, "काका, पाय फार वास्तव आहेत." मग कोंबडीचे लावले, ते आवडले. त्यानंतर माझा अंगठा घसरला आणि खालच्या तळ्यातला मासा आकाशात जाऊन चिकटला. चित्र तसंच पाठवलं गेलं, आणि माझ्या लक्षात येईपर्यंत दिग्दर्शकसाहेबांचा फोन, "आकाशातला मासा! काय विचार आहे!" मी म्हटलं, सुचलं आपलं.

१६ फेब्रुवारी

हिचा फोटो. नेहमीप्रमाणे उजवीकडून घेतला. मी हिला कायम उजवीकडूनच घेतो, हिची उजवी बाजू चांगली येते. दिग्दर्शकाला पाठवला तर परत आला. समोरून हवा म्हणे, पूर्ण चेहरा, डोळ्यांत डोळे.

"मग काढा की समोरून," ही म्हणाली आणि स्टुलावर ताठ बसली.

दिवे लावले. माझे सगळे दिवे भिंतीला बोल्टने पक्के केलेले आहेत. लोक हसतात, कारण त्यामुळे गिऱ्हाइकाला दिव्याकडे सरकावं लागतं, दिवा गिऱ्हाइकाकडे सरकत नाही. पण माझ्या स्टुडिओत कुणी हातात दिवा धरायचा नाही, हा नियम आहे आणि तो मी तोंडाने कधी सांगत नाही, बोल्ट सांगतात. ही लेन्समध्ये अशी रोखून बघत होती की मला घाईच झाली. एकच फोटो काढला आणि चहा मागितला.

१७ फेब्रुवारी

टचिंग केलं. गळ्याच्या सुरकुत्या ठेवल्या, मी काही खोटारडा नाही. डोळ्यांखालची वर्तुळं निम्मी ठेवली. डाव्या भुवईपासून गालावर येणारी ती रेघ काढली. ते काम हात आपलं आपण करतो, विचारावं लागत नाही. फिल्मवर तिला अख्खी दुपार लागायची, टॅबवर दीड मिनिटात गेली. तंत्रज्ञानाबद्दल मी आजवर जे काही बोललो ते थोडंसं मागे घेतो.

मग हिचा चेहरा घरामागून वर आणला, चंद्राच्या जागी. खरं सांगायचं तर झकास झालंय. स्वतःची पाठ थोपटायची मला सवय नाही, हात पोचत नाही. पण आज पोचला. सुटे तुकडे डोळ्यांपुढे नकोत म्हणून सगळे थर एकजीव करून टाकले. मूळ फोटोही उडवला. काम झालं की पसारा आवरायचा, ही माझी शिस्त.

२० फेब्रुवारी

शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठं करून पोस्टर दाखवलं. टाळ्या. शिंपी पुढे जाऊन घर निरखत होता आणि कोंबडीच्या पायांवरून जरा नाराज दिसला. ही बघत राहिली. बराच वेळ. मग पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली ती तालीम सुरू होईपर्यंत आलीच नाही.

दिग्दर्शकाने मला बाजूला घेतलं. "काका, काकूंची ती खूण कुठे गेली?"

"काढली."

"पण का?"

आता काय सांगायचं? दाताला लागलेला पालक का काढला, असं कुणी विचारतं का? मी म्हटलं, फोटोत बरं दिसावं म्हणून लोक आमच्याकडे येतात. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच शिंकणारी बाई आहे. आजकालच्या पोरांना चांगल्या कामाची कदर नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळी विचारलं, "आवडलं का?"

"घर छान आहे."

"आणि तू?"

"मी कुठाय त्यात?" ही म्हणाली. मग कप विसळता विसळता, माझ्याकडे न बघता, "या घरात माझा एकही फोटो नाही."

याला म्हणतात कृतघ्नपणा. मी उठलो आणि मोजले. बाहेरच्या खोलीत पाच, आत तीन, स्टुडिओच्या काचेत दोन आणि कपाटाच्या दारावर एक. अकरा. सगळे मी काढलेले, मी धुतलेले, मी चौकटीत बसवलेले. एकावरही डाग नाही. जाऊन आकडा सांगितला.

"परत मोजा," ही म्हणाली.

परत मोजले. अकराच आहेत.

२२ फेब्रुवारी

दिग्दर्शकाचा फोन. "काका, काकू म्हणतात पोस्टरवर माझा चेहरा नको. मी खूप समजावलं. छपाईला सत्तावीसला द्यायचंय, तर आपण त्या जागी घराचा चेहरा घेऊ या का? म्हणजे शिंपीकाकांचा?"

घ्या! तीन आठवडे घासलो ते शिंप्याचा चंद्र उगवायला. हिला विचारलं तर ताट वाढायला उठली. चहा मिळतो, जेवण मिळतं, पण त्यासोबत शब्द मिळत नाही. मी काय वाईट केलं, ते तरी कळू दे. माणूस बायकोला दहा वर्षांनी तरुण करतो आणि वर शिक्षाही भोगतो. आज मला खरंच वाईट वाटलं. माझ्या हातचं मागितलं होतं, तेच आता नको झालंय.

२३ फेब्रुवारी

शिंपी फोटो काढून घ्यायला आला. मी हनुवटी वर-खाली करायला सांगत होतो आणि तो बोलत होता. घर बोलकं आहे.

"साहेब, तालमीला येत नाही तुम्ही, मोठं चुकवताय. वहिनींचा दिव्याचा प्रसंग बघा एकदा. रोज ऐकतो, तरी रोज माझ्या डोळ्यांत पाणी."

"कसला दिवा?"

"ती बाई घराला सांगते हो, म्हणजे मला. नवीन लग्न झालेलं. नवरा चित्रकार. तो तिच्या हातात दिवा देतो आणि म्हणतो, जरा उंच धर. ती उंच धरते आणि दिवा फुटतो, काच तोंडावर. टाके पडतात. नवरा एक शब्द बोलत नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे जन्मात नाही. चित्रं मात्र काढतो तिची, आणि एकाही चित्रात ती खूण दाखवत नाही. मग ती म्हणते, 'दिवा धरून उभी होती ती बाई या घराने कधी पाहिलीच नाही.' काय लिहिलंय हो त्या पोराने! सव्वीस वर्षांचं वय!"

मी कॅमेऱ्यामागेच होतो. विचारलं, "नवरा कसा दाखवलाय? दुष्ट?"

"छे हो, दुष्ट नाही. बिचाराच आहे. त्याला बघवत नाही, एवढंच." मग आरशात केस सारखे करत म्हणाला, "आणि मेकअपवाल्याचंही काम वाचलं बघा. वहिनींना खूण आयतीच आहे."

शिंप्याचा फोटो हलला. त्याला म्हटलं, चांगला आलाय, जा.

२४ फेब्रुवारी

ही वही बटणांसाठी होती. पण दुसरी वही नाही, आणि आज स्टुडिओ उघडला नाही.

लग्नाला दोन महिने झाले होते. गिऱ्हाईक टकलू होतं आणि टाळूवर उजेड चमकत होता. मोठा दिवा हातात धरायचा होता, माणूस नव्हता, म्हणून हिला बोलावलं. ती हौसेने आली. पदर खोचून, दोन्ही हातांनी दिवा धरून उभी राहिली. दिव्याच्या तोंडाची जाळी तुटलेली होती, ते मला माहीत होतं. उद्या बसवू म्हणून ठेवली होती. मी म्हटलं, जरा उंच धर. एका टकलासाठी.

टाके घालत होते तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. आत जायला हवं होतं. गेलो नाही. नंतर तिचा पहिला फोटो काढला आणि निगेटिव्ह टेबलावर घेतलं, तेव्हा वाटलं, एवढं तर मी तिच्यासाठी करू शकतो. काढून टाकू शकतो. सगळी दुपार बसून काढली. तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तिला दाखवला तर तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "छान आहे." आणि मी खूश झालो. गाढव.

अकरा फोटो परत बघितले. बरोबर आहे तिचं. एकही नाही.

दुपारी मुलाला फोन केला, की ती रेघ परत आण. "सगळे लेअर मर्ज केलेत? आणि मूळ फोटोपण डिलीट? बाबा!" मी थरापुढचा डोळा शोधतोय, आणि उघडायचा तो डोळाच मी पुसून बसलोय. म्हणाला, आता नवीन फोटो काढणं एवढंच उरलं. मला लाज वाटली. मुलाची नव्हे.

मग शिडी लावली आणि माळ्यावरून तो दिवा काढला. चौतीस वर्षं तिथेच होता, पोत्यात गुंडाळून. नवा बल्ब आणला, वायर बदलली. आणि जाळी बसवली.

२५ फेब्रुवारी

ही संवाद पाठ करत बसली होती. मी म्हटलं, "एक फोटो परत काढायचाय."

"कशाला? पुसायला?"

"नाही."

कागद बाजूला ठेवून आली. स्टुडिओच्या दारात थांबली. दिवा बघितला. मला वाटलं, आता मागे फिरते. फिरली असती तर माझी काही तक्रार नव्हती.

"धरणार कोण?"

"मी."

"मग फोटो कोण काढणार?"

हा विचार मी केलाच नव्हता. चाळीस वर्षांचा अनुभव! शेवटी तिनेच टॅब स्टँडवर ठेवला, पडद्यात स्वतः दिसेल असा उलटा केला आणि स्टूल पुढे ओढलं. मी डावीकडे उभा राहिलो. डावीकडून उजेड टाकला की ती रेघ स्पष्ट येते, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. म्हणूनच तिकडे कधी दिवा नव्हता. आज टाकला. ती पडद्यात स्वतःकडे बघत होती. किती वेळ, कोण जाणे. दिवा जड आहे. तापतोही फार. तेवीस वर्षांच्या पोरीच्या हातात मी हे धूड दिलं होतं.

माझे हात खाली यायला लागले. तिने मान वळवली नाही. पडद्यातूनच माझ्याकडे बघितलं.

"जरा उंच धरा," ही म्हणाली.

धरला. डोळ्यांत पाणी आलं तर ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिने सात फोटो काढले. माझ्या मते पहिलाच चांगला आला होता.

२६ फेब्रुवारी

पोस्टर पुन्हा बांधलं. शिंप्याला खिडकीत बसवलं, शिंकणाऱ्या बाईच्या शेजारी. ही घरामागून वर आली, जशी आहे तशी. मूळ फोटो तीन ठिकाणी जपून ठेवलाय. एकही थर एकजीव केलेला नाही.

दिग्दर्शकाला पाठवलं. दोन मिनिटांत फोन. "काका! अप्रतिम! एक कल्पना सुचलीय. त्या खुणेतूनच एक रस्ता काढू या, गालावरून खाली, आणि घर त्या रस्त्याने चालत येतंय..."

मी म्हटलं, "मासा हवा तिथे हलव. कोंबडीला चार पाय लाव. तिथे हात लावायचा नाही."

"पण काका, अतिवास्तव..."

"ते वास्तव आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पोरगं चांगलं आहे तसं. दाढीचं काहीतरी करायला हवं.

५ मार्च

पोस्टर स्टुडिओच्या काचेत लावलंय. त्यासाठी तिथले दोन जुने फोटो काढावे लागले. आता अकरांतले नऊ उरले, ज्यांत ही नाही, आणि एक, ज्यात ही आहे.

प्रयोग परवा. मी पहिल्या रांगेत बसणार असं मी सांगितलं. ही म्हणाली, "दिव्याच्या प्रसंगाला उठून बाहेर जाऊ नका म्हणजे झालं." नाही जाणार.

दुपारी एक बाई पासपोर्टचे फोटो काढायला आल्या. ही काउंटरवर पाकिटांवर नावं लिहीत होती. बाईंनी आधी पोस्टर बघितलं, मग हिच्याकडे, मग परत पोस्टर. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे टचिंग फार चांगलं होतं म्हणे. मग ही खूण कशी हो राहिली?"

सांगायला पुष्कळ होतं. एखादा टोमणाही तयार होता.

"माझ्यामुळे झालीय ती," मी म्हटलं. "जाळी तुटलेला दिवा मी तिला धरायला दिला. वर उंच धर म्हणालो. चूक माझी होती."

बाई बिचाऱ्या चार फोटोंसाठी आल्या होत्या.  मी त्यांना स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली. काउंटरवर हिने पाकिटावरचं नाव चुकवलं होतं. ते खोडलं, डोळे पुसले आणि खाली परत लिहिलं.